सतराव्या किलोमीटरची लाथ

मला राग येतो. हे इतकं साधं वाक्य लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आधी मी म्हणायचो, मला चुकीचं वागणं खपत नाही. मग म्हणायचो, आम्ही यवतमाळकडची माणसं, जरा तापटच. यात काही तथ्य नाही. आमच्याकडे शांत माणसं पैशाला पासरी मिळतात, आणि माझे वडील त्यांतलेच. जन्मात त्यांनी कुणावर हात उगारला नाही. माझा राग माझा स्वतःचा आहे.

पुण्यात शिकायला आलो तेव्हा सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचो. मालकांनी पहिल्या महिन्यातच माझ्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती, "दार आपटू नये. राग आपला असला तरी दार आमचे आहे." मी चिठ्ठी फाडली आणि दार आपटलं. पुढे हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी लागली. तिथं माझ्याच टीममध्ये शनिवार पेठेतली एक मुलगी होती, तिच्याशी लग्न झालं. ती कमी बोलते. पण जे बोलते ते नेमकं लागतं, आणि लागावं म्हणूनच बोललेलं असतं.

आमची मुलगी चार वर्षांची असताना एका रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो होतो. सर्व्हर बंद पडला होता, क्लायंट फोनवर आरडाओरडा करत होता. बायकोनं विचारलं, आजही बसणार आहेस का? एवढंच विचारलं. ओट्यावर कुकरचं झाकण होतं. ते मी उचललं आणि फेकलं. ते तिच्या मनगटावर बसलं आणि हाडाला तडा गेला. दवाखान्यात तिनं सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. मी शेजारी उभा राहून मान हलवली. संध्याकाळी ती मुलीला घेऊन शनिवार पेठेत आईकडे निघून गेली.

त्या दिवसांत मी पळायला लागलो. ठरवून नाही. एका सकाळी रिकाम्या घरात भिंतीवर बुक्क्या मारून हात सुजवून घेतला, तरी राग जाईना, म्हणून बूट घातले आणि सोसायटीच्या गेटबाहेर धावत सुटलो. कालव्याच्या कडेला ओकारी होईपर्यंत धावलो. तोंड पुसून उठलो तेव्हा राग नव्हता. कुठंच नव्हता. हे मी बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बघू किती दिवस टिकतं. मी रोज पळालो आणि रोज फोन केला. तीन आठवड्यांनी ती परत आली आणि बॅग दारातच ठेवून म्हणाली,

"पळतोस तोवर मी इथं आहे. पळणं थांबलं की मी रिक्षा बोलावणार."

आमचं घर त्या वाक्यावर उभं राहिलं. मी औषधाच्या गोळ्या घ्याव्यात तसा पळायचो, चुकवायचो नाही. सोसायटीतल्या आणि आसपासच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये गेलो. तिथं एक प्रोजेक्ट मॅनेजर गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांना हाकायचा. त्याला आम्ही कॅप्टन म्हणायचो. दोन वर्षांत मी तीन हाफ मॅरेथॉन केल्या. घरात आवाज चढला नाही, वस्तू फुटली नाही. बायकोच्या आईनं एकदा विचारलं म्हणे, जावई आजारी आहेत का, फारच शांत झालेत. मग मी फुल मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं. बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्या माणसात राग उरणारच नाही, असं मला वाटत होतं आणि तिलाही वाटायला लागलं होतं.

आता लाथेबद्दल. पावसाळ्याच्या तोंडावरची रविवारची पहाट होती, नुकतं उजाडत होतं. चोवीस किलोमीटर पळायचं होतं आणि मी सतराव्यात होतो, ग्रुपच्या बराच पुढे. आयटी पार्कसमोरचा तो नवा रुंद रस्ता. पूर्वी तिथं गावची शेतं होती. रस्ता झाला, मध्ये दुभाजक आला, आणि पार्कचं गेट झाल्यावर दुभाजकातली गावकऱ्यांची ये-जा करायची फट सिमेंटनं बुजवून टाकली. एका दूधवाल्याचा गोठा त्यामुळे एका बाजूला राहिला आणि त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या बाजूला. सरळ मार्गानं जायचं तर दीड किलोमीटर पुढे जाऊन वळून यायचं. म्हणून तो अलीकडच्या चौकापर्यंत चारशे पावलं उलट्या बाजूनं यायचा, मोटरसायकलीला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या लावून, दिवा न लावता. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला माहीत होतं. मी त्याला आठवड्यातून दोनदा तरी पाहायचो.

त्या दिवशी त्याची किटली माझ्या कोपराला घासून गेली. फार लागलं नाही. पण सतरा किलोमीटर पळून जे शांत झालं असं मी समजत होतो ते एका क्षणात डोक्यात गेलं. मी ओरडलो,

"काहून बे, दिसत नाही का तुले?"

राग आला की माझ्या तोंडात गावची बोली येते. तो थांबला, मागं वळून म्हणाला, "रस्ता काय तुज्या बाचा हाय व्हय?" आणि गिअर टाकून निघाला. तेवढ्यावर मिटलं होतं. तो चालला होता. मी त्याच्यामागं चार ढांगा टाकून गेलो आणि धावत्या अंगाची सगळी ताकद लावून त्याच्या गाडीला लाथ घातली.

नडगी लेगगार्डच्या लोखंडावर बसली. आवाज मी ऐकला, आणि पहिल्यांदा वाटलं की त्याच्या गाडीचं काहीतरी मोडलं. मग खाली पाहिलं तर गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला गेला होता. मी पडलो. गाडी तिरपी होत होत दुभाजकावर गेली, तो तोंडावर सिमेंटच्या कडेवर आपटला. दोन्ही किटल्या फुटल्यासारख्या उघडल्या. दूध उताराला माझ्याकडे आलं, त्यात त्याचं रक्त मिसळत होतं. तो हातावर उठायचा प्रयत्न करत तोंडातून दात थुंकत होता.

तेवढ्यात मागून ग्रुप आला. त्यांना काय दिसलं? आपला माणूस मोडक्या पायानं पडलेला, उलट्या बाजूनं आलेली मोटरसायकल आणि तिचा मालक. कुणी मला काही विचारलं नाही. चौघं त्याच्यावर धावून गेले. पळायचे महागडे बूट, रंगीत, आणि त्या बुटांनी ते त्याच्या बरगड्यांत, पाठीत, मांड्यांत लाथा मारत होते. तो काहीतरी सांगत होता, पण फुटलेल्या तोंडातून शब्द निघत नव्हता. कॅप्टन शिट्टी वाजवून रस्त्यावरच्या गाड्या थांबवत होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं, थांबा, मीच मारलं. मी डोळे मिटून घेतले. दुखत होतं म्हणून नाही. दुखत तर होतंच, पण डोळे मी बोलावं लागू नये म्हणून मिटले.

कुणी पोलिसांत गेलं नाही. तो उलट्या बाजूनं आला होता म्हणून गेला नाही, आणि मी का गेलो नाही ते सांगायला नको. माझ्या नडगीत रॉड आणि चार स्क्रू बसले. दवाखान्यात बायको आली तेव्हा कॅप्टननं तिला सगळं सांगून ठेवलं होतं, त्याच्या पद्धतीनं. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. दोन वर्षं तू स्वतःला इतकं सांभाळलंस आणि कुणीतरी येऊन तुझा पाय मोडला, असं म्हणून ती रडली. ती सहसा रडत नाही. पळणं थांबलंय, मग रिक्षा बोलवायची का, असं मी चेष्टेत विचारलं. ती म्हणाली, तू थांबवलेलं नाहीस ना, थांबवलंय दुसऱ्यानं. मी मूग गिळून पडून राहिलो.

खरं सांगितलं तर काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पाय मोडला याचं तिला काही नसतं वाटलं. पण सतराव्या किलोमीटरला, धावता धावता, मी एका माणसाला लाथ घातली, याचा अर्थ तिला लगेच कळला असता. पळण्यानं काही होत नाही. कुकरचं झाकण पुन्हा कधीही उडू शकतं. तेवढं तिला कळू नये म्हणून मी त्या दूधवाल्याला गुन्हेगार राहू दिलं.

चार महिने घरात पडून होतो. राग रोज यायचा, दूध उतू यावं तसा, आणि पळायला पाय नव्हता. बायको आंघोळीला गेली की मी उशी तोंडात कोंबून ओरडायचो, नाहीतर चांगल्या मांडीवर बुक्क्या मारायचो. मांडी काळीनिळी झाली. बायकोला वाटलं पडताना मार लागलाय, ती रोज तिथं मलम चोळायची. मुलगी विचारायची, त्या दूधवाल्या काकांनी बाबाला का मारलं? बायको सांगायची, चुकून लागलं गं. पण मुलीला ते पटलं नव्हतं. गाडीतून जाताना कुणी उलट्या बाजूनं येताना दिसला की ती खिडकीतून ओरडायची, त्याला मारा. मी तिला गप्प करायचो.

मग सदाशिव पेठेतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जायला लागलो. साठीच्या, बारीक अंगाच्या, मनगटात मात्र पैलवानाची ताकद. घोटा आणि गुडघा आखडले होते. त्या माझ्या मांडीवर गुडघा ठेवून पाय वाकवायच्या आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. पहिल्या दिवशी मी त्यांचा हात झिडकारला, जवळजवळ उगारला. त्या जराही मागं सरकल्या नाहीत. म्हणाल्या, "ओरडायचं असेल तर ओरडा, शेजाऱ्यांना सवय आहे. आपटायचं असेल तर गादी आहे. पाय मात्र आवळू नका." मी गादीवर बुक्क्या घालत रडायचो आणि त्या घड्याळाकडे बघत आकडे मोजायच्या. लवकर पळायचंय म्हणालो तेव्हा त्यांनी विचारलं, कुणी मागं लागलंय का?

संक्रांत झाल्यावर पहिल्यांदा पळालो. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. रॉड असलेला पाय जमिनीवर टेकला की कुणीतरी नडगीवर काठी मारतंय असं वाटायचं, आणि दर पावलाला मारायचं. मला ते आवडायला लागलं होतं. आपल्याला हे मिळायलाच हवं असं वाटायचं. दोनाचे पाच किलोमीटर झाले, पाचाचे आठ. डॉक्टर म्हणाले सबुरीनं घ्या, पण डिसेंबरची फुल मॅरेथॉन करायचीच होती. बायकोनं तयारीचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं होतं आणि झालेल्या दिवसावर ती स्वतः खूण करायची.

ग्रुपमध्ये परत गेलो तेव्हा कॅप्टननं मला मोठ्या अभिमानानं एक व्यवस्था दाखवली. मी पडल्यापासून त्या बुजवलेल्या फटीपाशी दर रविवारी दोघं जण वेताच्या काठ्या घेऊन उभे राहायचे. उलट्या बाजूनं कुणी आला की शिट्टी, थांबला नाही तर काठी. आधी फक्त चाकावर मारायचे. मग आरशावर, मग दिव्यावर. मी आलो तोवर माणसांपर्यंत मजल गेली होती. शिकलेली, नोकरीतली, आईवडिलांना तीर्थयात्रेला पाठवणारी माणसं ही. पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि कुणाच्या पाळीत किती जणांना प्रसाद मिळाला ते व्हॉट्सॲपवर यायचं. या सगळ्याला त्यांनी माझं नाव दिलं होतं. मी म्हणालो, अरे कशाला. कॅप्टन म्हणाला, तुझ्या पायाची शपथ आहे आम्हाला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

उन्हाळा लागला आणि सोळा किलोमीटरचा दिवस आला. एवढं अंतर झालं की डिसेंबरचं नक्की, असं ठरलं होतं. बायको पहिल्यांदाच मुलीला घेऊन आली. फटीपाशी ग्रुपचं टेबल लागायचं, लिंबाचं सरबत आणि खजूर. ती पेले भरत होती. मी शेवटच्या किलोमीटरला तिला लांबून पाहिलं, ती हात हलवत होती, आणि पाय ठणकत असतानाही मी वेग वाढवला. टेबलाशी पोचलो, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. तिनं पाठीवर थाप मारली. त्याच वेळी शिट्टी वाजली.

तो येत होता. उलट्या बाजूनंच, पण अगदी कडेनं, हळू, दिवा लावून. काठीवाले दोघं आडवे झाले. एकानं दिव्यावर काठी घातली, काच फुटली. तो पाय टेकून थांबला. किटल्या भरलेल्या होत्या, म्हणून दोन्ही हातांनी गाडी सावरून धरली होती. कॅप्टननं जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाला, अरे, हाच तो. दुसरी काठी त्याच्या खांद्यावर बसली. हात सोडला असता तर गाडी पडली असती, म्हणून त्यानं तो वार तसाच घेतला.

कॅप्टननं तिसरी काठी आणून माझ्या हातात दिली. पहिला मान तुझा, म्हणाला आणि मला दंडाला धरून गाडीपाशी घेऊन गेला. बायको म्हणाली, जाऊ द्या त्याला, झालं गेलं. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, त्याला मारा. दूधवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. वरचा ओठ शिवल्याची जाड रेघ होती आणि तोंड उघडलं तेव्हा समोर दात नव्हते.

"सांगा की ह्यास्नी," तो म्हणाला. "कुणी कुणाला मारलं ते."

बायकोनं मला विचारलं, काय म्हणतोय तो? तिच्या हातात माझ्यासाठी भरलेला पेला होता. मला खोटं तयारच होतं, इतक्या महिन्यांचं घोटलेलं. पण काठीवाल्यानं पुन्हा काठी उचलली, आणि त्या माणसानं डोळे मिटून खांदा पुढे केला. ते मला बघवलं नाही.

"त्यानं धडक नाही दिली," मी म्हणालो. "मी मागनं जाऊन लाथ घातली. माझा पाय मीच मोडला."

मग कॅप्टन हसला. मनापासून हसला, माझ्या पाठीवर हात मारला आणि म्हणाला, मग तर भारीच की, उलट्या बाजूनं आला होता ना तो, बरोबरच केलंस. बाकीचेही हसले. आणि काठीवाल्यानं, आता काही कारणही उरलं नव्हतं तरी, ती काठी त्याच्या पाठीत घातली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यात नवं काही नव्हतं, तीच जुनी ओळखीची तिडीक. काहून बे, असं मी ओरडलो आणि हातातली काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. ती कॅप्टनसाठी होती. त्याचं हसणारं तोंड फोडायचं होतं मला.

पण ते फक्त मला माहीत होतं. दूधवाल्याला उचललेली काठी दिसली आणि ती धरणारा मी दिसलो. त्यानं गाडी सोडून दिली आणि दोन्ही पंजे तोंडावर घट्ट धरले. गाडी आडवी झाली, किटल्या घरंगळल्या, दूध माझ्या बुटांपर्यंत आलं. मी बायकोकडे पाहिलं. तिनं मुलीला मागं ओढलं होतं, पेला खाली पडला होता आणि कोपर चेहऱ्यासमोर आडवं धरून ती उभी होती. टेबलापासून मी दहा पावलांवर होतो. काठी तिच्यापर्यंत पोचली नसती. तरी तिचा हात वर गेला होता.

कॅप्टन तेवढा घाबरला नव्हता. तो अजून हसतच होता.

मी काठी टाकली. बायकोनं कोपर खाली घेतलं, पुढे आली आणि दूधवाल्याबरोबर गाडी उभी केली. एक किटली अर्धी वाचली होती. तिनं त्याला विचारलं, जेवता येतं का नीट? तो म्हणाला, कालवून खातो, आता सवय झाली. तिनं त्याची माफी मागितली, माझ्या वतीनं नाही, स्वतःच्या. तो गाडी ढकलत त्याच उलट्या बाजूनं गेला. या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

मी तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून म्हणालो, मी पळतो आहे ना, डिसेंबरपर्यंत मी... तिनं मला पुरं करू दिलं नाही.

"पळायचं तर पळ," ती म्हणाली. "आमच्यासाठी पळू नकोस."

तिनं मुलीचा हात धरला आणि गाडीत जाऊन बसली. मुलगी मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती, हात हलवावा की नाही हे तिला कळत नव्हतं. मी तिथून घरापर्यंत चालत आलो. पाय ओढत यायला दीड तास लागला. घराला कुलूप होतं.